बावीस गाळ्यांची किंमत

टेंभरे प्लाझातल्या चपला-जोड्यांच्या दुकानात दीप्ती गजभियेनं एक चप्पल उचलून उलटी करून पाहिली. मग दुसरी पाहिली, मग तिसरी. पुढच्या रांगेतले बूट पाहिले, पोरींच्या सँडल पाहिल्या. सगळा माल सात नंबरचा होता.

"दुसरा नंबर दाखवा ना भाऊ," ती काउंटरमागच्या माणसाला म्हणाली. "मले पाच नंबर लागते."

तो माणूस भांबावून गजेंद्रकडे बघायला लागला. गजेंद्र टेंभरे, म्हणजे प्लाझाचा मालक, दारातच उभा होता. तो हसून म्हणाला, "माल येऊन राह्यला मॅडम. लग्नसराई आहे, दुकानात काही टिकत नाही." आणि हातातलं शहाळं त्यानं पुढं केलं.

दीप्तीनं शहाळं घेतलं नाही. तिनं वहीत लिहिलं : गाळा सात, जोडे, सर्व एकाच मापाचे. आणि ती पुढच्या गाळ्यात शिरली.

मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात हे काम करणारी ती एकटीच बाई. स्थापत्य अभियंता झाली, परीक्षा देऊन नोंदणीकृत मूल्यांकक झाली, आणि बारा वर्षं लोकांच्या जागांच्या किमती ठरवत होती. एखाद्याला इमारत तारण ठेवून कर्ज हवं असलं की बँक तिला पाठवायची. जागा मोजायची, कागद तपासायचे, आजूबाजूला काय भावानं विकलं गेलं ते बघायचं, आणि आज ही इमारत विकायला काढली तर किती मिळतील ते लिहून खाली सही-शिक्का करायचा. त्या आकड्यावर बँक कर्ज देणार. दुकानांच्या इमारतीत तर सगळा खेळ भाड्याचा. किती गाळे चालू आहेत आणि भाडं किती येतं, यावरच किंमत ठरते.

गजेंद्रनं दिलेल्या यादीत बावीसच्या बावीस गाळे भाड्यानं गेलेले होते, सरासरी नऊ हजार महिना. तीन वर्षांपूर्वी खेमराज कटरे या जुन्या मूल्यांककांनी याच इमारतीची किंमत चार कोटी दहा लाख लिहिली होती आणि वैनतीर नागरिक सहकारी बँकेनं त्यावर कर्ज दिलं होतं. आता त्याला कान्ह्याच्या जंगलाच्या वाटेवर रिसॉर्ट बांधायचं होतं. त्यासाठी हीच इमारत पाच कोटींच्या घरात जायला हवी होती.

त्या दिवशी बावीस शटरं वर होती. पंखे फिरत होते, अगरबत्त्या लावलेल्या होत्या. पण टेलरच्या दुकानात फरशीवर दोऱ्याचा एक तुकडा नव्हता. मोबाइलच्या दुकानात तिनं एक खोका सहज सरकवला, तर तो रिकामा असल्यासारखा घसरत गेला. वरच्या मजल्यावर कॉम्प्युटर क्लासमध्ये सहा मॉनिटर ओळीनं मांडलेले होते आणि एकाचीही वायर बोर्डापर्यंत पोचत नव्हती. वह्या-पुस्तकांच्या दुकानातल्या माणसाला तिनं दोनशे पानी वही कितीला आहे म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, "मालकाले विचारून सांगतो."

दीप्तीनं सगळं मोजलं, फोटो काढले, आणि निघाली. गजेंद्र स्कूटीपर्यंत सोडायला आला. "रिपोर्ट लवकर करजा मॅडम. आन खेमराज सरांचा आकडा तं तुमच्यापाशी आहेच."

*

मालक दाखवतो तेव्हा एकदा बघायचं आणि मालकाला न सांगता एकदा बघायचं, अशी तिची पद्धत होती. मंगळवारी सकाळी अकराला ती एकटीच परत गेली. सतरा शटरं खाली होती. पाच दुकानं उघडी. जोड्यांच्या दुकानाला नवंकोरं कुलूप, आणि बाहेर कुत्रं आडवं पसरलेलं.

जिन्याखाली विजेच्या मीटरची रांग होती. बावीस मीटर. तिनं एकेकाचा आकडा वहीत उतरवला आणि प्रत्येकाचा फोटो घेतला. पाच मीटरांवर हजारोंत युनिट होते. सात नंबरच्या मीटरवर बसवल्यापासून आजपर्यंत चार. कॉम्प्युटर क्लासच्या मीटरवर दोन.

पहिल्याच गाळ्यात तुळसाबाई बसायची. तांदळाच्या गिरण्यांकडून जुनी पोती घ्यायची, फाटलेली शिवायची आणि परत विकायची, हा तिचा धंदा. साठीला टेकलेली, अंगानं किडकिडीत. ती पोत्यांच्या थप्पीला पाठ लावून दाभणानं पोतं शिवत होती.

"परवा तं इथं जत्रा होती मावशी," दीप्ती तिच्यापुढं एका पोत्यावर बसत म्हणाली.

"जत्राच व्हती," तुळसाबाई म्हणाली. "जोडे त्याच्या साळ्याचे, हट्टा गावच्या दुकानातून गाडी भरून आनलते. टेलर बी एका दिसाच्या मजुरीवर. मले म्हने, पोते आत टाक आन चांगलं लुगडं नेसून बस. मी म्हनलं, मी पोते विकते, मले कोनाले लुगडं दाखवाचं हाय?"

"भाडं किती देता तुम्ही?"

"अठराशे."

"कागदावर तुमच्या नावापुढं नऊ हजार लिहून आहे."

तुळसाबाईचं दाभण थांबलं. मग तिला हसू आलं, आणि ते आवरेना. डोळ्यांना पदर लावून ती म्हणाली, "नऊ हजार देनारी असती तं मी पोते शिवत बसली असती काय? गावाबाहेरून हा वळनरस्ता झाला तवापासून इकडून ट्रक जात नाई बाई. गिऱ्हाईक येईन कुठून? हे पाच दुकानं हायेत ते बी दुसरीकडं जागा नाई म्हनून हायेत."

दीप्तीनं वही मिटली. "ठीक आहे मावशी. मी तुमचं नाव नाही टाकत. टाकलं तर तो तुम्हाले काढन. मीटरचे फोटो आहेत, तेवढे पुरतात."

तुळसाबाईचा चेहरा उतरला. तिनं पोतं बाजूला ठेवलं.

"म्हंजे मीटरले जबान हाय आन मले नाई?"

"तसं नाही मावशी. तुम्हाले तरास होईन म्हणून..."

"तरास मले व्हईन ना? मंग ते मी पाह्यतो." रागात ती पुरुषासारखंच बोलून गेली. "त्या वैनतीर बँकेत माहे पैसे हायेत. धा-धा रुपये करून टाकलेले. त्यातूनच देऊन राह्यले ना याले? लिव. तुळसाबाई मडावी, गाळा एक, अठराशे. लिव आन अंगठा घे. सही बी येते मले, सही घे."

दीप्तीला स्वतःची लाज वाटली. या बाईला सांभाळायच्या नावाखाली आपण तिला गप्प बसवायला निघालो होतो. तिनं वही पुन्हा उघडली, जबाब लिहिला, वाचून दाखवला. तुळसाबाईनं एकेक अक्षर कोरून सही केली आणि पुन्हा पोतं मांडीवर घेतलं.

*

दीप्तीचा आकडा आला दोन कोटी पस्तीस लाख. तिनं तो तीन वेगवेगळ्या रीतींनी काढून पाहिला. दोन तीसच्या खाली जाईना आणि दोन चाळीसच्या वर चढेना.

अहवाल देण्याआधी ती खेमराज कटरेंच्या घरी गेली. चार कोटी दहा लाखांवर सही त्यांचीच होती, आणि दीप्तीला या धंद्यात आणलं होतं तेही त्यांनीच. भरवेलीच्या खाणीतल्या मजुराची ही मुलगी पदवी घेऊन आली तेव्हा कुणी तिला हाताखाली घेईना. खेमराज सरांनी घेतलं. वारासिवनीत एका घरमालकानं तिचं आडनाव विचारून झाल्यावर, "ह्या बाई देवघरात बी मोजाले जातील काय?" असं म्हटलं, तेव्हा सरांनी टेप गुंडाळली होती. "ती जाईन, नाही तं आम्ही दोघंबी जातो." ती देवघरात गेली होती, आणि सर दारात उभे राहून आकडे लिहून घेत होते. ते दीप्ती कधी विसरली नव्हती.

आता सर अडुसष्टचे. दुपारची वेळ, खुर्चीत बसून ते गुडघ्याला तेल चोळत होते.

"किती काढलं?" त्यांनी बस म्हणायच्या आधीच विचारलं.

"दोन पस्तीस."

त्यांनी तेलाची वाटी खाली ठेवली. "मी चार दहा लिवलतं."

"हौ सर."

"तीन वर्सांत जागेचा भाव वाढते दीप्ती. लोक काय म्हनतील?"

"वळणरस्ता झाला, ते मी लिहिलं आहे. फरकातला बराच भाग त्यात बसते. पण सगळा नाही बसत." "सर, तुम्ही तेव्हा वरच्या मजल्यावर गेलते का?"

खेमराज सरांनी गुडघ्यावरचा हात काढला नाही. "जिना उभा आहे त्याचा. गजेंद्रनं यादी देल्ली, फोटो देल्ले. त्याच्या बापापासूनची ओळख आहे. मी काय त्याले चोर समजू?"

"मंग ते मूल्यांकन नव्हतं सर. ती टायपिंग होती."

बोलून गेल्यावर तिला वाटलं, हे इतक्या धारेनं बोलायचं नव्हतं. पण तिनं शब्द मागे घेतला नाही. सरांचा चेहरा लाल झाला.

"तुले ह्या धंद्यात कोनं आनलं?"

"तुम्ही."

"मंग?"

"म्हणून तं आधी तुमच्यापाशी आली. दुसरं कोणी असतं तर सांगितलंही नसतं, सरळ जमा केला असता."

"साडेतीन लिव," खेमराज सर आता हळू आवाजात म्हणाले. "ना तुहं, ना माहं. मधला आकडा."

"भाव करून भाजी घ्यावी तसं हे नाही होत सर. अजूनही वेळ आहे. तुम्हीच बँकेले लिहा की मागच्या वेळी मी वर गेलो नव्हतो, फेरतपासणी करा. मी माह्या रिपोर्टात तुमच्याबद्दल एक अक्षर वाईट लिहिणार नाही."

खेमराज सर उठले. तेलाची वाटी उचलली आणि लंगडत आत गेले. दीप्ती बैठकीतून उठून घरी आली. गुरुवारी सकाळी तिनं अहवाल बँकेत जमा केला.

*

सोमवारी शाखा व्यवस्थापक कुशल राहांगडालेचा फोन आला. तिला केबिनमध्ये बोलावलं. काचेची केबिन, बाहेर पेन्शनवाल्यांची गर्दी. आत गजेंद्र आधीच बसलेला होता.

"मॅडम, आपल्या रिपोर्टमदे थोड्या टायपिंग मिस्टेक होत्या," कुशल अगदी गोड आवाजात म्हणाला. "हेड ऑफिसले पाठवायच्या आधी आम्हीच ठीक करून घेतल्या. आप बस साइन कर दो." आणि त्यानं चौदा पानांचा गठ्ठा तिच्यापुढं सरकवला.

लेटरहेड तिचं होतं. फोटो तिचे होते, पण पहिल्या दिवसाचे, शटरं उघडी असलेले. मीटरचं पान नव्हतं. तुळसाबाईचा जबाब नव्हता. शेवटच्या पानावर किंमत होती चार कोटी पंच्याण्णव लाख, आणि खाली सही-शिक्क्याची जागा कोरी.

दीप्तीनं सगळी पानं एकदा सावकाश वाचली. मग विचारलं, "हे छापलं कोनं?"

"ते जाऊ द्या ना," गजेंद्र पुढं झुकला. "हे पाहा मॅडम, रिसॉर्टचं मूल्यांकन तुमच्याच हातानं होणार. त्यानंतर माह्या भावाची राइस मिल, दोन गोदामं. पाच वर्सं तुम्हाले बाहेर काम पाहावं लागणार नाही." तिनं गठ्ठ्यावरून नजर उचलली नाही, तेव्हा तो मागे टेकला. "आन लोकेश सर बी आमच्याच शाळेत शिकवतात. कमिटीत मी आहे. चांगला मानूस आहे. दर जूनमदे त्याचं कंत्राट वाढवाचं निघते तवा मीच म्हनतो, राहू द्या."

लोकेश म्हणजे दीप्तीचा नवरा. कंत्राटावर गणित शिकवायचा. तिला भीती वाटली, आणि भीती वाटली याचा रागही आला. पर्समधून तिनं शिक्का काढला.

"पेन द्या," ती म्हणाली.

दोघांचेही खांदे सैल झाले. कुशलनं आपलं पेन दिलं, शाईचा पॅडही उघडून पुढं केला आणि फोनवरून चहा सांगितला.

दीप्तीनं पहिल्या पानावर, छापलेल्या ओळींवरूनच, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तिरपं लिहिलं. हिंदीत लिहिलं, कारण बँकेचे संचालक हिंदी वाचायचे. 'यह रिपोर्ट मेरी नहीं है। मेरी रिपोर्ट गुरुवार को जमा है, उसमें कीमत दो करोड़ पैंतीस लाख है।' खाली सही केली, तारीख घातली, शिक्का मारला. दुसरं पान घेतलं. त्यावरही तेच लिहिलं. तिसऱ्या पानावर आली तेव्हा कुशलला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं आणि तो वाकून बघायला लागला.

"मॅडम, ये क्या कर रहे हो?"

"साइन करून राह्यली. तुम्हीच म्हटलं ना."

"द्या ते इकडे." त्यानं हात पुढं केला.

दीप्तीनं गठ्ठ्यावर डावा हात दाबून धरला आणि पहिल्यांदाच आवाज चढवला. काचेबाहेर रांगेतले दोन-तीन म्हातारे वळून बघायला लागले. "माह्या लेटरहेडवर माह्याशिवाय रिपोर्ट छापला आहे, साहेब. हा कागद आता एकतर आवक नंबर घेऊन तुमच्या फाइलीत जाईन, नाही तं मी पोलिस ठाण्यात नेते. तुम्ही सांगा कुठं जाऊ."

कुशलचा हात टेबलावर राहिला. गजेंद्र उभा राहिला होता, पण बाहेरून एवढे लोक बघताना त्याला जागचं हलता येईना. दीप्तीनं उरलेली सगळी पानंही पूर्ण केली. घाई केली नाही. मधे चहा आला, तो कुणी घेतला नाही. शेवटच्या पानावर शाई थोडी फिकी उमटली, म्हणून तिनं शिक्का पुन्हा पॅडवर दाबून मारला. मग प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो घेतला आणि गठ्ठा घेऊन बाहेर आली.

आवक-जावकच्या खिडकीत मयुरी नावाची कारकून होती. नोकरीला लागून तिला वर्षही झालं नव्हतं. तिनं पहिलं पान वाचलं. मग काचेपलीकडे साहेबांकडे पाहिलं. साहेब तिला मानेनं नको नको म्हणत होता.

"मॅडम, साहेब नाही म्हणून राह्यले," मयुरी पुटपुटली.

"तुझ्या खिडकीवर कागद आला तर नंबर द्यायचा, हा नियम आहे का नाही?"

"आहे."

"मग तू ठरव."

मयुरीनं रजिस्टर ओढलं, नंबर टाकला, आणि गठ्ठ्यावर बँकेचा गोल शिक्का एवढ्या जोरानं मारला की खिडकीची काच हलली.

*

संध्याकाळी तिनं लोकेशला सगळं सांगितलं. तो पोळ्या लाटत होता. त्यानं शेवटची पोळी तव्यावरून काढेपर्यंत ऐकून घेतलं.

"शाळेचं बोलला तो?"

"हौ."

"आन तू मले एक फोन नाही केला."

"केला असता तर तू काय म्हटलं असतं?"

"तेच म्हटलं असतं, लिव म्हणून," लोकेश म्हणाला. "पण नोकरी माही आहे. विचाराचं होतं."

विचारायला हवं होतं, हे खरंच होतं. तिनं तसं सांगितलं. लोकेशनं तिच्या ताटात पोळी वाढली. जूनमध्ये शाळेनं त्याचं कंत्राट वाढवलं नाही. त्यानं घरातल्याच पुढच्या खोलीत शिकवण्या सुरू केल्या. शाळेच्या पगाराएवढे पैसे त्यातून कधी आले नाहीत.

दीप्तीचं नाव बँकेच्या मूल्यांककांच्या पॅनलवरून काढल्याचं पत्र तर त्या सोमवारनंतर महिन्याच्या आतच आलं होतं. दोन ओळींचं, 'प्रशासकीय कारणास्तव'. आणखी दोन बँकांनी काहीच न कळवता काम पाठवणं बंद केलं. दहातली सात कामं गेली. तिनं बँकेला रजिस्टर्ड पत्र पाठवलं, की कारण काय ते स्पष्ट लिहून द्या. उत्तर आलं नाही. पुढच्या महिन्यात तेच पत्र तिनं परत पाठवलं, वर 'स्मरणपत्र एक' असं लिहून. मग दोन. मग तीन. पोस्टातल्या बाईला आता पत्ता सांगावा लागत नव्हता.

पण कर्ज काही मंजूर झालं नाही. आवक नंबर पडलेले कागद फाइलीतून गायब करायची कुशलची छाती झाली नाही, आणि फाइल संचालकांसमोर गेली. त्यातले एक होते दुलीचंदजी, तांदळाचे जुने व्यापारी. त्यांनी ती तिरपी लिहिलेली पानं पाहिली आणि कुणाला काही न सांगता एका सकाळी स्वतः प्लाझावर जाऊन उभे राहिले. बंद शटरं मोजली. तुळसाबाईकडून शंभर पोती घेतली आणि भाडं किती ते विचारलं. बैठकीत त्यांनी एवढंच म्हटलं म्हणे, "ह्या बिल्डिंगवर मी माह्या खिशातून पाच लाख बी देणार नाही. लोकांचे कसे देऊ?" अर्ज फेटाळला गेला आणि जुन्या कर्जाचीही तपासणी निघाली. कुशल मात्र त्याच खुर्चीत बसून राहिला. त्याला कुणी काही विचारलं नाही.

गजेंद्रनं तुळसाबाईला आठ दिवसांत गाळा रिकामा करायला लावला. तिनं वळणरस्त्याच्या कडेला टिनाचं शेड घेतलं. भाडं तीनशेनं जास्त होतं, आणि उन्हाळ्यात आत बसवत नसे. पण गिरणीचे ट्रक तिथं थांबत. दीप्ती भेटायला गेली, तेव्हा तुळसाबाईनं तिला एक शब्द सहानुभूतीचा बोलू दिला नाही. "मीच लिव म्हनलं व्हतं ना? मंग चुप बस आन चा पे."

*

तपासणीची नोटीस आली तेव्हा खेमराज सर स्वतः दीप्तीच्या ऑफिसात आले. चार महिन्यांत ते तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते. खुर्चीवर बसताना गुडघ्यातून कळ आलेली तिला दिसली.

"मले उत्तर लिवून दे," ते म्हणाले आणि नोटीस टेबलावर ठेवली. "तवा बावीसबी गाळे भरले होते, मंग रस्ता झाला आन खाली झाले, असं. तुही भाषा चांगली आहे."

दीप्तीनं नोटीस वाचली. देवघराच्या दारात वही घेऊन उभे असलेले सर तिच्या डोळ्यांसमोर आले, आणि क्षणभर वाटलं, लिहून द्यावं. कुणाचं काय जाणार होतं? पण सात नंबरच्या मीटरवर बसवल्यापासून चारच युनिट होते, आणि मीटर पाच वर्षांपूर्वी बसवलेलं होतं.

"लिहून देते सर. पण जे झालं ते लिहीन. जिना चढलो नाही, यादी घेतली, विश्वास ठेवला. तेवढंच."

"माही इज्जत जाईन. चाळीस वर्सं काम केलं मी."

"माहीत आहे. त्यातले किती तरी दिवस मी तुमच्याबरोबर होती. तुम्ही कधी न बघता लिहिलेलं मी पाह्यलं नाही. हे एकच आहे." तिनं नोटीस त्यांच्याकडे सरकवली. "ते एकच तुम्ही स्वतः सांगा सर. खोटं मी लिहून देणार नाही. तुमच्यासाठीही नाही."

खेमराज सरांनी नोटिशीची घडी घातली. ती खिशात जाईना, म्हणून पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. मग उठले. दीप्ती हात द्यायला पुढं झाली, तर त्यांनी हातानंच नको म्हटलं आणि भिंत धरत पायऱ्या उतरले.

दहा-बारा दिवसांनी बाजारात मयुरी भेटली. तिनं आपणहून सांगितलं, की कटरे सरांचं उत्तर आवकमध्ये आलं, तिनंच नंबर टाकला. हातानं लिहिलेलं होतं, चार ओळी. पहिलीच ओळ होती, 'मैं ऊपर की मंज़िल पर नहीं गया था।' कोथिंबिरीची जुडी हातात धरून दीप्तीनं तिला ती ओळ पुन्हा एकदा म्हणायला लावली. सर अजूनही तिच्याशी बोलत नाहीत. रस्त्यात दिसले तर दुसऱ्या बाजूनं जातात. तिनं दोनदा घरी फोन केला, त्यांनी उचलला नाही. ती परत करणार आहे.

कामाचं म्हणाल, तर बँकांची कामं गेली, पण दुसरीच येऊ लागली. भावाभावांच्या वाटण्या, भागीदार वेगळे होणं, अशी कामं. जिथं दोन बाजू एकमेकांचा शब्द मानत नाहीत, तिथं दोन्ही बाजू तिचं नाव सुचवायला लागल्या. फी कमी, फिरणं जास्त. गेल्या आठवड्यात परसवाड्याला एका गोदामाची वाटणी होती, कमला नावाची विधवा आणि तिचा दीर भोजराज यांच्यात. दीप्ती पोचली तेव्हा दोघंही गोदामाच्या दोन टोकांना तोंड फिरवून उभे होते.

भोजराजनं तिला बाजूला घेतलं. "मॅडम, रस्त्याकडचा भाग माह्याकडं येणार आहे. तो जरा कमी धरजा. तुमचं काय असन ते पाहून घेऊ."

दीप्ती मागे वळली आणि कमलालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "भोजराजभाऊ म्हणून राह्यले, रस्त्याकडचा भाग कमी धरा. तुम्हाले काही सांगायचं आहे का कमलाताई?"

भोजराज खाली बघायला लागला. कमलाच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य आलं, मग थोडं हसू.

"मी बी मांगचा भाग कमी धरा म्हननार व्हती," ती म्हणाली.

"ठीक आहे. दोघांचंही ऐकलं," दीप्तीनं टेपचं एक टोक भोजराजच्या हातात दिलं आणि दुसरं कमलाच्या. "आता घट्ट धरा, ढिली सोडू नका."